फुकटच्या यंत्रवेळेचा हिशेब

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षाविषयक सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांकडे धाडलेली एक फाइल सदोष होती, आणि विंडोज प्रणालीवरील यंत्रे ती पोटात घेताच कोलमडत गेली. रुग्णालये, बँका व विमानतळ यांचे व्यवहार खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ही फाइल बाहेर जाण्यापूर्वी ती तपासून पाहणाऱ्या आज्ञावलीतच दोष होता, असे कंपनीने पुढे केलेल्या चौकशीत निष्पन्न झाले. तेव्हापासून ‘चाचण्या वाढवा’ हा उपदेश संगणक-व्यवसायात पुन्हा जोराने होऊ लागला आहे. उपदेश योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. चाचणी हीदेखील एक उत्पादनक्रिया आहे. तिला यंत्र लागते, वीज लागते, जागा लागते. या साधनांचा हिशेब कोणी ठेवायचा आणि त्यांच्या वापराला मर्यादा कोणी घालायची, हा प्रश्न केवळ तांत्रिक समजून तंत्रज्ञांवर सोपविण्यात आला आहे. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि खोलात शिरले तर न्यायाचाही आहे.

प्रवाह आणि साठा

स्वयंचलित चाचणी म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी आज्ञावली लिहून झाली की कोणी माणूस ती चालवून पाही आणि चुका टिपून ठेवी. आता आज्ञावली तपासण्यासाठी दुसऱ्या आज्ञावल्या लिहिल्या जातात. मूळ मजकुरात एका ओळीचा जरी बदल झाला, तरी शेकडो, प्रसंगी हजारो चाचण्या आपोआप सुरू होतात. कारकुनाने खतावणीत एक आकडा दुरुस्त करावा आणि त्यासाठी सबंध वर्षाचा जमाखर्च पहिल्या पानापासून पुन्हा ताळून पाहिला जावा, तशातला हा प्रकार आहे. माणसाला हे काम सांगितले तर तो दुसऱ्याच दिवशी तक्रार करील. यंत्र तक्रार करीत नाही. म्हणूनच खर्चाची जाणीव होत नाही.

या कामात प्रामुख्याने दोन साधने खर्ची पडतात : प्रोसेसरचा वेळ आणि डिस्कवरील जागा. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पहिले साधन हा प्रवाह आहे, तर दुसरे हा साठा आहे. प्रोसेसरचा न वापरलेला क्षण उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. तो वाहून जातो. डिस्कचे तसे नाही. एकदा व्यापलेली जागा कोणी मोकळी करीपर्यंत व्यापलेलीच राहते. एखादी चाचणी प्रोसेसर बळकावून बसली, तर शेजारची कामे तेवढा वेळ मंदावतात आणि चाचणी संपताच पूर्ववत होतात. परंतु चाचणीने मागे ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली, नोंदींचे ढीग आणि तयार झालेल्या आज्ञावल्यांच्या प्रती यांनी डिस्क भरली, तर ज्याचा त्या चाचणीशी काडीमात्र संबंध नाही अशा माणसाचेही काम अडते. शिवाय आजच्या बहुतेक डिस्क ज्या प्रकारच्या स्मृतिपेशींवर आधारलेल्या आहेत, त्यांच्यावर किती वेळा लिहावे याला निसर्गतःच मर्यादा असते. दर वेळी नव्याने लिहून पुसणारी चाचणी डिस्क झिजवीत असते. कारखान्याच्या ताळेबंदात या झिजेला घसारा म्हणतात. चाचणीच्या हिशेबात मात्र तिला रकानाच नसतो.

मर्यादा घालण्याची साधने उपलब्ध नाहीत, असे मुळीच नाही. लिनक्स या प्रणालीत अशी सोय घडविण्याचे काम गुगलमधील अभियंत्यांनी २००६ साली सुरू केले, आणि जानेवारी २००८ मध्ये ते मूळ प्रणालीत समाविष्ट झाले. अमुक एका गटातील कामांनी प्रत्येक १०० मिलिसेकंदांपैकी ५० मिलिसेकंदच प्रोसेसर वापरावा, स्मृती एवढीच घ्यावी, डिस्कवरील वाचन-लेखन या वेगापलीकडे करू नये, असा नियम तेथे दोन-चार ओळींत लिहिता येतो. व्यापलेल्या जागेवरील मर्यादा ही वेगळी बाब आहे. तिच्यासाठी प्रत्येक वापरणाऱ्याचा कोटा ठरविण्याची पद्धत युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ सालीच आली होती. असे असूनही डॉकर या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनातून एखादी चाचणी चालविली, तर मुद्दाम सांगितल्याखेरीज तिच्यावर कोणतीही मर्यादा पडत नाही. यंत्र देईल तेवढे ती घेते. मर्यादेची सोय आहे, पण गृहीत मात्र अमर्यादपणा आहे. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

एका सार्वजनिक पाणवठ्याची गोष्ट

फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पसमूहावर २०२० साली जो प्रसंग ओढवला, तो या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. लिनक्स वापरणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर जे काही उमटते, त्यामागील बरेचसे सॉफ्टवेअर या समूहात तयार होते. ते कोणाच्या मालकीचे नाही आणि कोणालाही विनामूल्य वापरता येते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून जेथे जेथे लिनक्स बसविलेले आहे, तेथे तेथे ते पोचलेले आहे. या समूहाचा आर्थिक भार एक्स.ऑर्ग फाउंडेशन ही छोटी ना-नफा संस्था वाहते. तिचे संचालक स्वयंसेवक आहेत, आणि तिचे उत्पन्न देणग्यांवर अवलंबून आहे.

२०१८ साली हा समूह नव्या व्यवस्थेवर आला आणि प्रत्येक बदलागणिक स्वयंचलित चाचणी करण्याची सोय सर्वांना मिळाली. सोय उत्तम होती, आणि तिचा वापर झपाट्याने वाढला. फेब्रुवारी २०२० मध्ये संचालकांनी सर्वांना उद्देशून एक निवेदन काढले. त्यातील आकडे बोलके होते. त्या वर्षीचा खर्च ७५ हजार डॉलर होईल आणि पुढील वर्षी तो ९० हजारांवर जाईल, असा अंदाज होता. चाचण्यांची सोय काढून टाकली तर हाच खर्च ३० हजारांवर येणार होता, आणि तेवढाच संस्थेला झेपणारा होता. नवे प्रायोजक मिळाले नाहीत, तर मे-जूनच्या सुमारास चाचण्या बंद कराव्या लागतील, असा इशारा निवेदनात होता.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. चाचण्या ज्या यंत्रांवर चालत होत्या, ती यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांनी देणगीदाखल दिलेली होती. प्रोसेसरचा वेळ संस्थेला जवळजवळ फुकट पडत होता. जादा खर्च होता तो चाचण्यांतून निघणाऱ्या फाइली साठविण्याचा आणि त्या यंत्रांकडे पुन्हा पुन्हा पाठविण्याचा. म्हणजे एक साधन फुकट मिळाले आणि त्याच्या मुक्त वापराने दुसऱ्या साधनाचे बिल फुगविले. धरणाचे पाणी फुकट म्हणून रात्रंदिवस पंप चालवावा आणि महिनाअखेर विजेचे बिल पाहून डोळे पांढरे व्हावेत, असाच हा अनुभव होता.

चाचण्या बंद पडल्या नाहीत. इशाऱ्यानंतर सर्वांनीच आपापल्या वापराकडे पाहिले, आणि पुढे दुसऱ्या एका कंपनीने यंत्रे देऊ केल्याने खर्चाचा भार हलका झाला. परंतु गोष्ट येथे संपत नाही. कालांतराने त्या कंपनीने आपली ती सेवाच गुंडाळण्याचे ठरविले, आणि २०२५ साली समूहाला भाड्याच्या यंत्रांवर बिऱ्हाड हलवावे लागले. दानावर चालणारी व्यवस्था दात्याची सोय असेपर्यंतच चालते, हा धडा सार्वजनिक संस्थांना नवा नाही. संगणकाच्या क्षेत्रात तो पुन्हा एकदा गिरवावा लागला, इतकेच.

शून्य किमतीचे परिणाम

ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला शून्य आहे, तिचा वापर सीमांत उपयोगिता शून्य होईपर्यंत होत राहतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते. चाचण्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. चाचणी सुरू करणाऱ्याला मिळणारा लाभ, मग तो कितीही अल्प असो, त्याचा स्वतःचा असतो. खर्च मात्र सर्वांत विभागला जातो. म्हणून दस्तऐवजातील एखादे विरामचिन्ह बदलले तरी सगळ्या चाचण्या चालविल्या जातात, आणि त्यांचे अवशेष कोणी पाहणार नाही हे ठाऊक असूनही महिनोन् महिने जपून ठेवले जातात. यात कोणाचा दुष्टावा नाही. प्रत्येकजण आपल्यापुरते शहाणपणानेच वागत असतो. सामायिक कुरणाच्या ऱ्हासाविषयी गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली जे लिहिले, ते येथे अक्षरशः लागू पडते.

या वाढीव वापरातून हाती काय लागते, हेही पाहिले पाहिजे. गुगलच्या अभियंत्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आपल्याच चाचण्यांचा आढावा घेतला होता. पाहणीच्या काळात बदलांमुळे चालवाव्या लागलेल्या ५५ लाख चाचण्यांपैकी एकदा तरी अयशस्वी ठरलेल्या चाचण्या केवळ ६३ हजारांच्या घरात होत्या. उरलेल्या निरर्थक होत्या असा याचा अर्थ नव्हे. पहारेकऱ्याने चोर पकडला नाही म्हणून पहारा व्यर्थ ठरत नाही. परंतु कोणता पहारा कोठे आणि किती वेळा द्यावा, याचा विचार करण्यास येथे भरपूर वाव आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल. त्याच कंपनीने २०१६ साली सांगितले होते की, तिच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत लहरीपणाचा दोष आहे. म्हणजे मजकूर तोच असताना त्या कधी उत्तीर्ण होतात, कधी अनुत्तीर्ण. अशा चाचण्या पुन्हा पुन्हा चालविण्यात जाणारा यंत्रवेळ हा शुद्ध अपव्यय होय.

शून्य किमतीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. फुकटच्या कुरणात केवळ शेजाऱ्याचीच गुरे शिरतात असे नाही; दरोडेखोरही शिरतात. आभासी चलने ‘खणण्यासाठी’ प्रोसेसरचा अखंड वेळ लागतो. मोफत चाचण्यांच्या सोयीत हा वेळ सहज मिळतो, हे काही मंडळींच्या ध्यानात आले. चाचणीच्या नावाखाली ती खोटी खाती उघडून चलन खणू लागली. त्यानंतर जे घडले, ते एकामागून एक घडत गेले. गिटलॅबने खर्चाचे कारण देऊन १ ऑक्टोबर २०२० पासून मोफत मिनिटे महिन्याला दोन हजारांवरून चारशेवर आणली होतीच. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रॅव्हिस सीआय या सेवेने मुक्त प्रकल्पांना दिलेली अमर्याद मोफत सवलत आवरती घेतली. त्याच महिन्यात डॉकरने नाव न नोंदविता फाइली उतरवून घेणाऱ्यांवर सहा तासांत शंभर वेळांची मर्यादा घातली. मे २०२१ मध्ये गिटलॅबने नव्या मोफत सभासदांकडून क्रेडिट किंवा डेबिट कार्ड मागण्यास आरंभ केला. जून २०२१ मध्ये डॉकरने आपली स्वयंचलित बांधणीची मोफत सोयच काढून घेतली.

या कंपन्यांना दोष देता येणार नाही. त्या धर्मादाय संस्था नव्हेत, आणि लुबाडणूक थांबविण्याचा त्यांना अधिकार आहे. पण या आघाताचा भार कोणावर पडला, हे पाहणे आवश्यक आहे. मोठ्या कंपन्यांवर तो पडला नाही. त्यांनी पैसे मोजले. चलन खणणाऱ्यांवरही फारसा पडला नाही. ते दुसऱ्या कुरणात गेले. भार पडला तो फावल्या वेळात मुक्त प्रकल्प चालविणाऱ्या स्वयंसेवकांवर, आणि ज्याच्या खिशात कार्ड नाही अशा विद्यार्थ्यांवर. तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या कंपनीत चालते तशी चाचणीची पद्धत शिकू शकतो, तो अशाच मोफत सवलतीच्या बळावर. सवलत आखडली की त्याचे शिक्षण आखडते. उधळपट्टी एकाची आणि काटकसर दुसऱ्याच्या वाट्याला, हा टंचाईचा नेहमीचा न्याय येथेही दिसून येतो.

मर्यादा नवी नाही

संगणकाला मर्यादा घालणे म्हणजे प्रगतीला खीळ घालणे, असे मानणाऱ्यांनी संगणकाचाच इतिहास आठवावा. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला, तेव्हा देशातील अनेक संस्थांचे काम त्या एका यंत्रावर चाले. तेथे यंत्रवेळ ही मोजून वाटण्याची गोष्ट होती. त्याच वर्षी आयबीएमने घोषित केलेल्या ३६० मालिकेतील संगणकावर काम धाडताना सोबतच्या पत्रांवर त्या कामाला किती वेळ द्यावा, हे लिहिण्याची सोय होती. नव्या फाइलीला डिस्कवर किती जागा लागेल, हेही तेथे सांगावे लागे. वेळ संपली की काम थांबे. जागा संपली तरी थांबे. आज ज्या मर्यादांसाठी नवी साधने शोधली जात आहेत, त्या त्या काळच्या प्रोग्रामरच्या अंगवळणी पडलेल्या होत्या.

मधल्या काळात यंत्रे स्वस्त झाली आणि ही सवय सुटली. परंतु साधन स्वस्त झाले म्हणजे त्याचा एकूण वापर घटतो, हा समज फसवा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी लिहिताना हेच दाखवून दिले होते. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली, तेव्हा कोळशाचा खप वाढला, कारण ती यंत्रे अधिक ठिकाणी परवडू लागली. प्रोसेसरचे तेच झाले. एका चाचणीचा खर्च घटला, म्हणून चाचण्या शंभरपट झाल्या. आता तर सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने होऊ लागले आहे. माणूस दिवसातून पाच बदल करीत असेल, तर यंत्र पन्नास करू शकेल, आणि प्रत्येक बदलामागे चाचण्यांची फौज उभी राहील. टंचाईचा पुढील प्रसंग कोठून येणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

आक्षेप आणि उत्तर

मर्यादेच्या विरोधात दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, प्रोग्रामरचा वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा कितीतरी महाग आहे. चाचणी अडवून ठेवली, तर पगार घेणारा माणूस हात चोळीत बसेल. यात तथ्य आहे. परंतु या युक्तिवादात सर्व मर्यादा सारख्याच आहेत असे गृहीत धरलेले आहे, आणि ते बरोबर नाही. रेशन आणि रांग यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. प्रोसेसर इतका टक्केच वापरावा, ही मर्यादा म्हणजे रेशन. यंत्र रिकामे असले तरी ती उठत नाही. दुसऱ्या प्रकारात कामांना केवळ अग्रक्रम ठरवून दिला जातो. यंत्र रिकामे असेल तर चाचणीने ते पूर्ण वापरावे. अधिक निकडीचे काम आले की तिने बाजूला सरावे. प्रोसेसर हा प्रवाह असल्याने त्याच्यासाठी बहुधा ही रांगेची पद्धतच श्रेयस्कर ठरते, कारण न वापरलेला क्षण वाया जातो. डिस्क हा साठा असल्याने तेथे मात्र रेशनच हवे. कोटा ठरवावा, आणि ठराविक दिवसांनंतर जुने अवशेष आपोआप नष्ट व्हावेत. हा भेद लक्षात घेतला, तर प्रोग्रामर खोळंबण्याची भीती बरीचशी नाहीशी होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मर्यादा घातली की चांगल्या चाचण्याही बिघडतात, असे म्हटले जाते. चाचणीने एका सेकंदात उत्तराची अपेक्षा करावी आणि प्रोसेसर अर्धाच मिळाल्याने उत्तर दोन सेकंदांनी यावे. म्हणजे मजकुरात दोष नसताना चाचणी अनुत्तीर्ण. असे घडते खरे. काही साधने तर आपल्याला किती हिस्सा दिला आहे हे न पाहता यंत्रात एकूण किती प्रोसेसर आहेत ते मोजतात आणि तितकी कामे एकदम सुरू करतात. दोन प्रोसेसरांचा वाटा मिळालेली चाचणी चौसष्ट कामे अंगावर घेऊन बसली, तर ती रखडणारच. जावा या प्रसिद्ध भाषेच्या प्रणालीत हा दोष होता, आणि २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून तो दूर करण्यात आला. पण नीट पाहिले, तर हा आक्षेप मर्यादेच्या बाजूनेच साक्ष देतो. मर्यादा नसती, तर हा दोष उघडकीसच आला नसता. प्रोग्रामरचे यंत्र सामर्थ्यवान असते. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर बनते, त्या ग्राहकाच्या हातात स्वस्तातला फोन किंवा कचेरीतील दहा वर्षांचा संगणक असतो. भरपूर साधनांच्या बळावर उत्तीर्ण होणारी आज्ञावली तेथे टिकेल की नाही, हे मर्यादित साधनांतच कळते. विद्यार्थ्याला पुस्तक उघडे ठेवून आणि वेळेचे बंधन न घालता परीक्षेस बसविले, तर त्याच्या गुणांचा अर्थ काय राहतो? मर्यादा ही चाचणीच्या मार्गातील धोंड नसून चाचणीचाच एक भाग आहे.

यावरून चाचण्या कमी कराव्यात असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०२४ च्या जुलैतील प्रसंग डोळ्यांसमोर असताना असे सुचविणे बेजबाबदारपणाचे ठरेल. प्रश्न कमी-अधिकाचा नाही. योग्य वाटपाचा आहे. विरामचिन्हाच्या दुरुस्तीमागे खर्ची पडलेला यंत्रवेळ वाचला, तर तोच नाजूक भागाची अधिक कसून तपासणी करण्यास उपयोगी पडेल.

नियम कोणी करावेत?

मग मर्यादा ठरविणार कोण? एक मार्ग बाजाराचा : मिनिटागणिक पैसे आकारावे. तो कार्यक्षम आहे. परंतु त्यात निर्धन प्रकल्पाला व विद्यार्थ्याला स्थान उरत नाही. दुसरा मार्ग वरून हुकूम काढण्याचा. तो सोपा आहे. पण यंत्र सांभाळणाऱ्याला कोणती चाचणी महत्त्वाची व कोणती नाही, हे ठाऊक नसते. म्हणून त्याची कुऱ्हाड सर्वांवर सारखीच पडते. तिसरा मार्ग वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन आपले नियम आपणच करण्याचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली आपल्या ग्रंथात जगातील कुरणे, मच्छीमारीची क्षेत्रे व पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, सामायिक साधनाचा ऱ्हास अटळ नाही. वापर करणारे कोण हे निश्चित असेल, नियम त्यांनीच केलेले असतील, वापर सर्वांना दिसत असेल आणि नियमभंगाला टप्प्याटप्प्याने शासन असेल, तर अशी साधने पिढ्यान् पिढ्या टिकतात. या कार्याबद्दल त्यांना २००९ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभारला, त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरविण्यात आला. दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि पाणी पिणाऱ्या उसाला बंदी, असे त्याचे नियम होते. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला पाणी अधिक, ही जुनी रीत तेथे मोडली गेली. चाचण्यांच्या सामायिक यंत्रावरही हाच प्रश्न उभा असतो : सर्वांत मोठ्या प्रकल्पाने सर्वांत अधिक यंत्रवेळ घ्यावा, की प्रत्येकाला एक किमान वाटा हमखास मिळावा आणि उरलेला वेळ रांगेने वाटला जावा? ‘उसाची’ चाचणी कोणती, आणि ती रात्री यंत्र रिकामे असतानाच चालवावी का, हे त्या यंत्रावर अवलंबून असणाऱ्यांनीच बसून ठरविले पाहिजे.

यासाठी पहिली गरज आहे ती हिशेब उघड होण्याची. आज चाचणीच्या शेवटी ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच निकाल ठळकपणे पुढे येतो. त्याच्याच शेजारी प्रोसेसरची किती मिनिटे लागली, डिस्कवर किती लिहिले गेले आणि किती मागे उरले, हे तीन आकडे छापले गेले, तर निम्मे काम होईल. जो खर्च दिसतो, त्याला आवर घालावासा वाटतो. दुसरी गरज आहे ती गृहीत बदलण्याची. मर्यादा मागून घ्यावी लागते, अशी आजची रीत आहे. ती उलटी होऊन मर्यादा हाच नियम व्हावा आणि तिच्यापलीकडे जायचे असेल तर कारण सांगावे लागावे. १९६४ च्या पत्रावर जे लिहिता येत होते, ते आज लिहिता येऊ नये, असे काही नाही.

तिसरी गोष्ट शिक्षणाची आहे, आणि ती महाविद्यालयांच्या हाती आहे. संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आज्ञावली बरोबर चालली की गुण मिळतात. ती किती साधने खर्चून चालली, याला बहुधा गुण नसतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्षाबरोबर खर्चाचाही रकाना घालावा. प्रत्येक तुकडीला यंत्रवेळेचा व डिस्कचा ठराविक वाटा द्यावा. आणि तो कसा वापरायचा, हे विद्यार्थ्यांनाच एकत्र बसून ठरवू द्यावे. याला नवे यंत्र लागत नाही, सरकारी अनुदानही लागत नाही. या मुलांतूनच उद्या कोणी एखाद्या सामायिक यंत्राचे नियम ठरवील. त्या दिवशी त्याने टंचाईची वाट पाहू नये, एवढ्यासाठी तरी हा हिशेब त्याला आजच यायला हवा.